काविळीच्या विषाणूची कूळ-चौकशी

किल्लारीच्या परिसरात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, कावीळ ही एकच व्याधी असून ती जाणत्याकडून उतरवून घ्यावी, आणि ताप आला असता सुई टोचल्यावाचून उपचार झाला असे मानू नये, अशा दोन समजुती दीर्घकाळ नांदत आल्या आहेत. त्यांच्या आश्रयाने जो विषाणू गावोगाव पोहोचू शकतो तो हिपॅटायटिस बी. कारण रक्त, शरीरसंबंध आणि मातेकडून अर्भकाला होणारा संसर्ग यांच्याइतकीच निर्जंतुक न केलेली सुईही त्याची वाट आहे.

साध्या रक्ततपासणीने विषाणू आहे एवढा दाखला मिळतो, त्याचे कूळ कळत नाही. त्याचा जनुकीय लेख अवघा सुमारे 3,200 अक्षरांचा. दोन विषाणूंच्या संपूर्ण लेखांत शेकडा आठांहून अधिक भेद असेल तर ते भिन्न प्रकारचे मानावेत, असा दंडक जपानी संशोधक ओकामोटो व त्यांचे सहकारी यांनी 1988 साली घातला. तेव्हा चार प्रकार ठरले होते. आज ए ते जे असे दहा गणतात. भारतात डी प्रमुख, त्याखालोखाल ए, आणि पूर्वेकडे सी.

ओळख पटवण्याच्या बहुतेक रीती रक्तद्रवातील डीएनए वेगळा करून पीसीआरने त्याचा ठराविक भाग असंख्य पटींनी वाढवण्यापासून सुरू होतात. पुढे एका रीतीत, विशिष्ट अक्षरक्रम दिसेल तेथेच छेद देणारी विकरे त्या भागावर सोडतात, आणि जेलमध्ये विद्युत्प्रवाहाने विलग झालेल्या तुकड्यांच्या पट्ट्यांवरून प्रकार ठरवतात. रीत स्वस्त खरी, परंतु छेदाच्या जागी एखादे अक्षर बदललेले असले तरी निकाल चुकू शकतो. दुसऱ्या रीतीत प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र प्रायमर, म्हणजे पीसीआरची वाढ सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, असतो. तो आपल्याच प्रकाराला वाढवतो, म्हणून एकाच रुग्णातील मिश्र संसर्गही त्याने उघडकीस येतो. सर्वांत विश्वसनीय रीत म्हणजे अक्षर-अक्षर वाचून, ज्ञात विषाणूंशी ताडून, वंशवृक्षात त्याचे स्थान ठरवणे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या पश्चिम भारताच्या अभ्यासात प्रकाराला रोगाच्या दृष्टीने महत्त्व आढळले नव्हते; टेनोफोव्हिर या विषाणुरोधक औषधाची गोळी तर प्रकार न पाहताच दिली जाते. परंतु 2009 साली गुजरातेत मोडासा येथे या रोगाची जीवघेणी साथ उसळली, तेव्हा याच संस्थेच्या वाचनातून विषाणूच्या प्रीकोर आणि कोर-प्रमोटर भागांतील बदल हाती आले, आणि साथीचा संबंध नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांशी जुळला. प्रीकोरमधील अशा बदलामुळे विषाणू वाढत असूनही त्याचे ई-प्रतिजन तपासणीत दिसत नाही. हे केवळ प्रकाराचे अक्षर सांगून कधीच कळले नसते.

म्हणून एखाद्या गावात एकाच सुमारास अनेकांना कावीळ झाली, तर रक्ताचे नमुने थंड राखून प्रयोगशाळेकडे रवाना करावेत, आणि त्यांसोबत कोणी, कोठे, केव्हा सुई घेतली याची तपशीलवार नोंदही जावी.