देहाच्या आंतलें दर्शन

रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन मार्गांनीं करावी, असें आमच्या आयुर्वेदानें सांगितलें आहे. यांपैकीं दर्शन हें शतकानुशतकें त्वचेपाशींच अडून राहिलें होतें. ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें प्रोफेसर राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला आणि वैद्याची दृष्टि देहांत शिरली. त्याच डिसेंबरांत त्यांनीं घेतलेल्या आपल्या पत्नीच्या हाताच्या चित्रांत बोटांचीं हाडें व अंगठी स्पष्ट दिसतात.

साध्या क्ष-किरणचित्रांत पुढील व मागील अवयवांच्या छाया एकमेकींवर पडतात. ही अडचण सी. टी. यंत्रानें दूर केली. १९७१ सालीं हाउन्सफील्ड यांच्या या यंत्रानें लंडन येथें पहिल्या रोग्याचा मेंदू तपासला गेला. काकडीच्या चकत्या कराव्या त्याप्रमाणें हें यंत्र देहाचे पातळ छेद दाखवितें, आणि तेंही शस्त्र न लावतां. एम. आर. आय.मध्यें चुंबक व रेडिओलहरी, तर सोनोग्राफींत ध्वनिलहरी वापरतात. दोहोंतही क्ष-किरण नसतात. पेट तपासणींत किंचित् किरणोत्सर्गी शर्करा शिरेंतून देतात. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी शर्करेच्या अधाशी असल्यामुळें ती तेथें सांठते व त्या जागा चित्रांत उजळतात.

कर्करोगाच्या चिकित्सेंत चित्रांचा उपयोग पदोपदीं होतो. गांठ कोठें व केवढी आहे, रोग किती पसरला आहे, शस्त्रक्रिया शक्य आहे कीं नाहीं, किरणोपचाराचा रोख कोठें धरावा आणि औषधानें गांठ आटत आहे काय, हें सर्व चित्रांवरून ठरतें.

तथापि बहुधा अंतिम निर्णय चित्राचा नसतो. क्षयाची गांठही पेटच्या चित्रांत उजळूं शकते. आणि क्षय तर औषधानें बरा होतो! म्हणून गांठेचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. हीच बायॉप्सी, हें आजचें स्पर्शन होय. सुई लावली कीं रोग पसरतो, ही समजूत अनेक घरांत आहे. त्या भीतीनें तपासणी लांबणीवर टाकणें हेंच फार अधिक घातक आहे.

राहिला प्रश्न, आणि येथें कुटुंबाचें कर्तव्य सुरू होतें. स्तनांत गांठ लागली तरी आमच्या घरांतील काकू वा आत्याबाई लाजेनें महिनोन् महिने बोलत नाहींत. हातास न लागणारी गांठही मॅमोग्राफी दाखवूं शकते. परंतु त्या माउलीस कोणीं विचारलेंच नाहीं, तर यंत्र काय करणार? सुनांनीं व लेकींनीं हा प्रश्न निःसंकोच विचारावा.

दुसरें असें कीं, अहवालाचा लिफाफा घरांतील शिकलेल्या मुलानें फोडावा, वडील मंडळींनीं कुजबुजावें आणि ज्याचा देह त्यालाच कांहीं कळूं नये, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. अहवालाचा अर्थ डॉक्टरांनीं रोग्याच्या समक्ष सांगावा, व घरच्यांनीं शेजारीं बसून ऐकावा. जुनीं चित्रें तारीखवार जपून दर खेपेस बरोबर न्यावीं. कारण मागच्या चित्राशीं ताडल्याविना नव्याचा पुरता अर्थ लागत नाहीं. गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा शरीरांत बसविलेला धातु असल्यास तें तपासणीपूर्वीं अवश्य सांगावें.