वरचा म्हणजे कशात वरचा?

कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरमला मराठी भाविक राहूच्या दर्शनाला जातात. भोवती कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती. ही जमीन कुणाची आणि तिच्यात राबते कोण?

समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते १९६१-६२मध्ये याच तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात राहिले. त्यावरच्या पुस्तकात त्यांनी गावाला ‘श्रीपुरम’ असे नाव दिले. पूर्वी तिथे उच्च जात, जमीन आणि सत्ता अग्रहारातच, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीतच, एकवटलेली होती. मग ब्राह्मण शिकून शहरांत गेले, जमिनी विकल्या गेल्या, पंचायत ब्राह्मणेतरांच्या हाती आली. जातीने वरचा तो सत्तेनेही वरचाच, हे समीकरण सुटले. विषमता मोजताना जात, जमीन आणि सत्ता या तिन्ही गोष्टी वेगळ्या धरायला बेते शिकवतात, ते मला फार मोलाचे वाटते.

वरचेपणात घराण्याचाही वाटा असतो. कुंभकोणमलाच १८२८ साली जन्मलेले तंजावरी मराठी टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. कर्तृत्व मोठेच, पण वडील आणि चुलतेही त्रावणकोरचे दिवाण होते.

भूमिहीन दलित मजुरांना मात्र गावातल्या सत्तेच्या उलथापालथीत फारच थोडे मिळाले. मजुरीवाढीच्या लढ्यात २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी गावात ४४ जणांना जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती.