तीन मिनिटांचा लाल दिवा आणि मधली सुट्टी

"हनुवटी इथे टेकव. कपाळ पट्टीला लाव. आतल्या ठिपक्याकडे बघ, आणि मी सांगेपर्यंत पापणी मिटू नकोस."

तिसरीतला मुलगा श्वाससुद्धा रोखून बसतो. क्षणभरात पडद्यावर आकडा उमटतो, आधी उजव्या डोळ्याचा, मग डाव्याचा. मागे उभी असलेली आई विचारते, "नंबर किती वाढला?" ऑप्टोमेट्रिस्ट मॅडम कागदावर आकडा उतरवत म्हणतात, "नंबर थेंब टाकल्यावर बघू, ताई. आधी लांबी."

पुण्याच्या उपनगरातल्या या दवाखान्यात शनिवारी मुलांचीच गर्दी असते आणि मॅडमचा सगळा जीव त्या लांबीवर असतो. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण सतरा मिलिमीटर असतो. मोठेपणी तो तेवीस-चोवीसवर थांबायला हवा. काही मुलांचा तिथे थांबत नाही. तो लांबत राहतो, प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते आणि फळा धूसर होतो. हीच लघुदृष्टी. एका मिलिमीटरच्या वाढीला अडीच-तीन नंबर पडतात. चष्म्याने फळा दिसतो, पण डोळ्याचं लांबणं सुरूच राहतं. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो. पडदा सुटणं, काचबिंदू, मध्यभागाची झीज या गोष्टी चाळिशी-पन्नाशीत समोर येतात, आणि त्यांची मुळं या तिसरीतल्या आकड्यात असतात. म्हणून ॲट्रोपिनचे सौम्य थेंब, म्हणून खास भिंगांचे चष्मे. आणि म्हणूनच हल्ली प्रकाशाचा उपचार.

त्या शनिवारी एका वडिलांनी मोबाइल पुढे केला. दुर्बिणीसारखं यंत्र, त्यात डोळे लावून बसलेली हसरी मुलगी. "मॅडम, हे लाल लाइटचं मशीन बाहेरून मागवता येतंय. घेऊ का?"

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण तो भाबडा नाही. हे यंत्र चीनमधून आलं. आळशी डोळ्याच्या उपचारासाठी तिथे लाल प्रकाश वापरला जात होता. मग त्याच्या उपयोगाने डोळ्याची लांबी वाढायची थांबते का, हे तपासलं गेलं. सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, दोन वेळांमध्ये किमान चार तासांचं अंतर, आठवड्यातून पाच दिवस. मूल घरीच यंत्रात डोळे लावून बसतं. २०२२ साली चीनमधल्या ८ ते १३ वर्षांच्या २६४ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षभरात साध्या चष्म्यावरच्या मुलांचा डोळा ०.३८ मिलिमीटरने लांबला, लाल प्रकाश घेणाऱ्यांचा ०.१३ने. थेंबांनाही असा फरक सहजी साधत नाही. पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर या प्रकाशाने जाड होतो, हेही मोजून दिसलं. प्राण्यांची साक्ष मात्र उलटसुलट आहे: लाल प्रकाशात वाढवलेल्या माकडांचा डोळा आखूड राहिला, कोंबडीच्या पिल्लांचा लांबला.

हे सगळं मॅडमनी त्या वडिलांना सांगितलं, काही न लपवता. मग दुसरी बाजू सांगितली. २०२३ मध्ये चीनमधल्याच बारा वर्षांच्या एका मुलीची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच महिने ती हा उपचार घेत होती. यंत्रात बघितल्यावर तिला प्रकाश फार प्रखर वाटायचा, डोळ्यांपुढची तिरीप बराच वेळ जायची नाही. शेवटी दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागलं. तपासणीत पडद्याच्या नेमक्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे, प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर विस्कटलेला आढळला. उपचार बंद केल्यावर दृष्टी सुधारली, पण थर पुरता भरून आला नाही. पुढे अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी दोन यंत्रं प्रयोगशाळेत मोजली. दोन्ही लेझरची निघाली, आणि तीन मिनिटं सलग बघितलं तर प्रकाशाची मात्रा सुरक्षिततेच्या मर्यादेला भिडते किंवा ती ओलांडते, असा निष्कर्ष २०२४ मध्ये त्यांनी छापला. त्याच वर्षी १ जुलैपासून चीनने ही यंत्रं सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गात टाकली. त्या वर्गाच्या नोंदणीशिवाय ती बनवायला आणि विकायला मनाई आहे. शिवाय उपचार थांबवला की लांबी पुन्हा वेगाने वाढू लागते, हेही दिसलं आहे.

"म्हणजे नको?"

"घरी ठेवून, कुणी पडदा तपासत नसताना, नको," मॅडम म्हणाल्या. माझं मतही तेच आहे, आणि ठाम आहे. आठ वर्षांच्या मुलाला तिरीप नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकली हे कळेल आणि तो ते आठवणीने आईला सांगेल, या भरवशावर त्याची दृष्टी टांगून ठेवता येत नाही.

पण मॅडमचा प्रकाशावरचा विश्वास त्या यंत्राहून जुना आहे. शाळांत तपासणीला जाताना त्यांच्या पिशवीत उजेड मोजणारा लक्समीटर असतो. एका शाळेत त्यांच्याबरोबर मी वर्गावर्गांतून फिरलो. ट्यूबलाइट चालू, पडदे अर्धे ओढलेले: मागच्या बाकावर आकडा तीनशेच्या पुढे सरकेना. खिडकीलगतच्या बाकावर हजाराच्या आसपास. व्हरांड्यात काही हजार. पटांगणाच्या कडेला कडुलिंबाखाली, दाट सावलीत, दहा हजारांच्या वर. भर उन्हात मीटर लाखाकडे धावला. आपल्या डोळ्याला वर्ग आणि सावली यांतला हा फरक नीट जाणवतच नाही, बाहुली लहानमोठी होते, नजर उजेडाला सरावते आणि तो झाकला जातो. पडद्याला मात्र तो कळतो. भरपूर उजेडात पडद्यात डोपामीन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असा आज सर्वांत पटणारा खुलासा आहे. जर्मनीत ट्युबिंगेनला कोंबडीच्या पिल्लांवर पंधरा हजार लक्सचे दिवे लावल्यावर लघुदृष्टी मंदावली, आणि डोपामीनचं काम औषधाने अडवल्यावर तो फायदा गेला.

मुलांवरचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. ग्वांगझोऊमधल्या बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज शाळा सुटताना चाळीस मिनिटांचा मैदानाचा जादा तास दिला गेला. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तास नसलेल्या उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून रोज दोन तास बाहेर असण्याची मोहीमच काढली. तिथल्या अभ्यासात असंही दिसलं की रणरणतं ऊन लागत नाही, झाडाखालचा किंवा व्हरांड्यातला हजार लक्सचा उजेडही पुरेसा वेळ मिळाला तर उपयोगी पडतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे फार दिलाशाचं आहे. दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी सुमारे दहा हजार शाळकरी मुलं तपासली, १३.१ टक्क्यांना लघुदृष्टी होती. आठवड्याला चौदा तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी आढळली. मर्यादाही सांगायला हवी: बाहेरचा उजेड नंबर लागूच नये यासाठी जास्त कामाचा, एकदा लागलेला नंबर रोखायला तो एकटा पुरत नाही. तिथे थेंब आणि भिंगं लागतात. म्हणूनच पाच-सहा वर्षांचं वय हातचं जाऊ देऊ नये. नेमक्या त्याच वयात आपण मुलांना शिकवणीला बसवतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळू नका म्हणून ओरडतो, याचा मला मनापासून राग येतो.

त्या शाळेत मुलं मधल्या सुट्टीत वर्गातच डबा खायची. कारणं नेहमीचीच: माती, पडापडी, पालकांच्या तक्रारी. मुख्याध्यापिकाबाईंना मॅडमनी मीटरवरचे आकडे दाखवले. बाईंनी ते दोनदा बघितले आणि म्हणाल्या, "मला हे लेखी द्या, पालकसभेत लागेल." मॅडमनी तिथेच बसून लिहून दिलं: पहिली ते चौथी, डबा व्हरांड्यात किंवा झाडाखाली, सुट्टी संपेपर्यंत वर्गाला कुलूप, पाऊस नसेल तर पीटीचा तास बाहेरच, तो गणिताला द्यायचा नाही, टोपी चालेल, सूर्याकडे बघायचं नाही हे मुलांना सांगणे. शेवटी एक ओळ पालकांसाठी: आईवडिलांपैकी कुणाला मायनस नंबर असेल, तर पहिलीत जाण्याआधी मुलाचे डोळे थेंब टाकून तपासून घ्यावेत.