मासळीचा वार, अर्ध्या तासाचा बेत



बुधवार किंवा शुक्रवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कचेरीतून परतताना वाटेत बाजार लागतो. पाटावर रावस चकाकत असतो आणि मनात येते, आज घ्यावा का? पण लगेच पुढचा हिशोब सुरू होतो. घरी जाऊन नारळ खवायचा, वाटण वाटायचे, भात टाकायचा, कणीक भिजवायची, शिवाय तुकड्या तळायच्या. छे, नकोच! रविवारी बघू. आणि पाय कोळणीला वळसा घालून पुढे चालू लागतात.

बरे, हौसेने घेतलीच मासळी, तर पुढे काय होते तेही तुम्हाला ठाऊक आहे. तव्यावरून उतरलेली पहिली गरम तुकडी मुलांच्या ताटात, दुसरी यजमानांच्या, तिसरी सासूबाईंच्या. मध्येच पोळी हवी, मध्येच कालवण हवे. सगळ्यांची जेवणे होईपर्यंत तुम्ही ओट्याशी. शेवटी तुमच्या वाट्याला येते ती शेपटीकडची गार तुकडी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेले कालवण. ही कुणाची दुष्टाई नाही हो! आपल्या जेवणाची रचनाच तशी आहे. तळलेले आणि भाजलेले गरमागरम वाढायचे, म्हणजे वाढणारी मागे राहणारच.

म्हणून आज असा एक बेत सांगते, की ज्यात सगळे पदार्थ एकाच वेळी तयार होतात आणि करणारीही सगळ्यांबरोबर पानावर बसते. मासळी, भाज्या आणि पास्ता. दोन शेगड्यांचा गॅस, एक पातेले, एक कढई, एक तवा आणि साधारण अर्धा तास. यात वाटण नाही आणि लाटणेही नाही.

पास्ता का?

‘पास्ता म्हणजे मुलांचे खूळ’ असे म्हणून नाक मुरडू नका. कणीक मळायची, तिला आकार द्यायचा आणि उकळत्या पाण्यात किंवा रसात शिजवायची, ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. वरणफळे दुसरे काय असतात? उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरून ठेवलेल्या शेवयाही त्याच जातकुळीच्या. चांगला पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. म्हणून पाकीट घेताना ते उलटून वाचा. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिले असेल तर घ्या. मैद्याचा पास्ता जरा जास्त शिजला की गिच्च होतो. पेने किंवा फिरकीसारखा आखूड आकार घ्या. त्यात रस छान अडकतो आणि लहान मुलांना खायलाही सोपे जाते.

पांढरा सॉस मात्र या बेतात नको. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असे आयुर्वेद सांगतो आणि पुष्कळ घरांत ते पाळतात. आपण टोमॅटोचा रस करणार आहोत, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. चीजही नको बरं का! खुद्द इटलीतसुद्धा माशाच्या पास्त्यावर चीज घालण्याची रीत सहसा नाही. माशाची नाजूक चव त्याखाली दबून जाते.

मासळी घेताना

या बेतासाठी ज्याचा काटा मोठा आणि सहज निघणारा, असा मासा हवा. रावस सर्वांत चांगला, त्याखालोखाल सुरमई. रोहू आणि कटला एरवी चवीचे, पण त्यांच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात. भातात ते बोटांना लागतात, काट्या-चमच्याने खाताना लागत नाहीत. म्हणून ते इथे टाळा. बांगड्याचे काटेही या कामाला बारीकच. कोळीण मावशींना सांगून पाऊण इंच जाडीच्या तुकड्या करून घ्या. जमल्यास मधला काटाही काढून मागा.

ताज्या माशाचे डोळे तेजदार आणि फुगीर असतात, कल्ले लाल असतात आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येते. संध्याकाळी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे मासा बर्फात आहे की नाही. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हातान्हात बर्फाशिवाय राहिले, तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते कितीही शिजवले तरी जात नाही. खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे उठतात, तोंड लाल होते, डोके दुखते. आपण म्हणतो, ‘मासे बाधले, पित्त उठले’. पुष्कळदा खरे कारण हे असते. तेव्हा दोन पैसे स्वस्त मिळते म्हणून बर्फावाचून पडलेली मासळी घेऊ नका. दम लागला, घशाशी किंवा ओठांवर सूज आली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

रोज बाजार गाठणे जमत नसेल, तर रविवारी एकदम आणा. तुकड्या धुऊन, फडक्याने कोरड्या करून, एका वेळेपुरत्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. ज्या दिवशी करायची, त्या दिवशी सकाळी एक पिशवी ताटलीत ठेवून फ्रीजच्या खालच्या खणात काढून ठेवा. संध्याकाळपर्यंत ती आपोआप सुटते. दिवसभर ओट्यावर ठेवण्याची चूक नको. आपल्या हवेत बाहेरचा भाग खराब होऊ लागतो आणि आत अजून बर्फच असतो. एकदा सुटलेली मासळी पुन्हा गोठवूही नका.

साहित्य (चार माणसांसाठी)

रावस किंवा सुरमईच्या तुकड्या अर्धा किलो, पास्ता २५० ग्रॅम, लाल पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, एक ढोबळी मिरची, एक गाजर, १०० ग्रॅम फरसबी, एक लहान कांदा, लसणाच्या ८-१० पाकळ्या, दोन सुक्या लाल मिरच्या, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर, चार टेबलस्पून तेल, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, मीठ.

कृती

आल्याबरोबर, हातपाय धुण्याआधी, मोठ्या पातेल्यात अडीच लिटर पाणी झाकण घालून एका शेगडीवर ठेवा. अर्ध्या तासाचे सारे गणित या पाण्यावर आहे, कारण उकळायला त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. तुम्ही बाकीची कामे कराल तोवर ते आपले काम करत राहील.

हातपाय धुऊन तुकड्यांना मीठ, हळद, तिखट आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून ठेवा. लिंबू लावून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचे नाही. आंबटाने मांस कच्चेच पांढरे पडते आणि मग तव्यावर कोरडे होते.

आता भाज्या. कांदा बारीक, लसणाचे पातळ काप, टोमॅटोचे तुकडे, ढोबळी मिरची आणि गाजर उभे पातळ, फरसबी इंचभर लांब. इथे घरातल्या माणसांना हाताशी घ्या. लसूण सोलायला काही शास्त्र लागत नाही, यजमानांना ते उत्तम जमते. मुलांनी ताटे, पाणी आणि लिंबाच्या फोडी घ्याव्यात.

दुसऱ्या शेगडीवर कढईत दोन टेबलस्पून तेल तापवा. मंद आचेवर लसूण टाका. तो फिकट सोनेरी होऊ द्या, लाल झाला तर कडवट लागतो. मग मिरच्यांचे तुकडे आणि कांदा. कांदा मऊ झाला की गाजर, दोन मिनिटांनी टोमॅटो आणि थोडे मीठ. आठ मिनिटांत टोमॅटो विरघळून दाटसर रस होतो. ढोबळी मिरची शेवटची दोन मिनिटे घाला, म्हणजे ती करकरीत राहील. टोमॅटो गोडसर निघाले, तर दोन आमसुले टाका. मूळच्या इटालियन कृतीत ती नाहीत, पण माशाशी त्यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. कढई उतरवून ठेवा.

एव्हाना पाणी खळखळत असेल. त्यात दीड टेबलस्पून मीठ घाला, मग पास्ता. एकदा तळापासून ढवळा, म्हणजे चिकटणार नाही. तेल घालू नका, ते पाण्यावर नुसते तरंगते. साधारण १० ते १२ मिनिटे लागतात, पण पाकिटावरची वेळ पाहा. शेवटची पाच मिनिटे उरली की फरसबी त्याच पाण्यात सोडा. वेगळे भांडे नको, वेगळा गॅस नको.

फरसबी पडली की मासळीची वेळ झाली. मासळी सर्वांत शेवटी, हे पक्के लक्षात ठेवा. ती शिजायला वेळच लागत नाही आणि शिजून थांबली की कोरडी होते. तुकड्यांना सुटलेले पाणी फडक्याने टिपून घ्या. ओल्या तुकड्या तव्याला चिकटतात. मोकळ्या झालेल्या शेगडीवर तवा चांगला तापवून उरलेले तेल घाला आणि तुकड्या मांडा. आता त्यांना हात लावू नका! खालची बाजू खरपूस झाली की तुकडी आपण होऊन तवा सोडते. एका बाजूने तीन मिनिटे, दुसऱ्या बाजूने तीन मिनिटे. सुरीच्या टोकाने जाड भाग किंचित उघडून पाहा. आतले मांस काचेसारखे न दिसता पांढरे दिसले आणि पदर सुटू लागले की झाले.

तिकडे पास्ता चाखून पाहा. दाताला किंचित लागला पाहिजे. निथळण्याआधी एक वाटी पाणी बाजूला काढा, त्यातल्या पिठाने रस पास्त्याला धरून राहतो. निथळलेला पास्ता थंड पाण्याने धुऊ नका. तो आणि फरसबी कढईत घालून, अर्धी वाटी पाणी ओतून, मोठ्या आचेवर दोन मिनिटे परता. कोरडे वाटले तर आणखी थोडे पाणी. वरून लिंबू आणि कोथिंबीर. कुंडीत सब्जा लावला असेल, तर त्याची चार पाने तोडून घाला, वास सुरेख येतो.

निथळलेले बाकीचे गरम पाणी रिकाम्या झालेल्या तव्यावर ओता. जेवण होईपर्यंत त्यावरचा चिकट थर सुटतो आणि घासणे सोपे जाते. झाडांना मात्र ते घालू नका, त्यात मीठ आहे.

वाढताना

ताटात आधी पास्ता, त्यावर माशाची तुकडी. लहान मुलांच्या ताटात तुकडी तशीच ठेवू नका. काटा काढा, मांस बोटांनी कुस्करून एकदा तपासा आणि मगच पास्त्यात मिसळा. भातात काटा दिसतो, लाल रसात तो दिसत नाही. हे काम घाईत कुणावर ढकलू नये.

घरात मासे न खाणारे कुणी असेल, तर त्यांचीही सोय आहे. मासळी तव्यावर वेगळी झाली, कढईतला पास्ता शाकाहारीच राहिला. त्यांचे ताट आधी वाढा.

जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी आणि महाग होते. तेव्हा आपले सोडे आहेतच की! वाटीभर सोडे गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवा, पिळून घ्या, तुकडे करून लसणाबरोबरच तेलात परता आणि पुढची कृती तीच. सोडे खारट असतात, म्हणून रसात मीठ चवीपुरतेच. कोलंबी करायची असेल, तर ती तव्यावर तीन-चार मिनिटांत गुलाबी होते. त्यापुढे ठेवली तर रबरासारखी लागते.

सासूबाई कदाचित म्हणतील, “अगं, भाताशिवाय मासे म्हणजे जेवल्यासारखं वाटतं का?” वाद घालू नका. त्यांच्यासाठी सकाळचा थोडा भात गरम करा, तोच लाल रस त्यावर घाला, शेजारी तुकडी ठेवा. पेलाभर सोलकढी असली, तर त्याही खुशीत जेवतील.

रोज हे करा असे मी म्हणत नाही. नारळाच्या रसातले कालवण आणि तांदळाची भाकरी यांची जागा कोण घेणार? तो थाट रविवारचा, सवडीचा. पण आठवड्यातला एखादा मासळीचा वार असा काढून पाहा. गॅस बंद करा, पदराला हात पुसा आणि सगळ्यांबरोबर पानावर बसा. आणि एक लक्षात ठेवा, मधली जाड तुकडी त्या दिवशी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची!