फांदीसकट पान

लग्नघरात हल्ली कामांची यादी संगणकावर होते आणि बघता बघता फांद्या फुटून वाढते. 'हॉल'च्या पोटात तारीख, डिपॉझिट, पार्किंग. 'केटरर'च्या पोटात मेनू आणि ताटांची संख्या. 'मंडप'च्या पोटात फुलं, रोषणाई. महिनाभरात दोन-तीनशे ओळी सहज होतात. मग एके रात्री वधूपिता हिशेबाला बसतात, शोधाच्या चौकटीत 'बाकी' असं टाइप करतात आणि समोर येतं: 'बाकी रक्कम द्यायची', 'बाकी रक्कम द्यायची', 'बाकी रक्कम द्यायची'.

द्यायची, पण कुणाला? ते सांगणारा शब्द वरच्या नोंदीत होता. त्या नोंदीत 'बाकी' नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमने ती गाळून टाकली.

सपाट यादी गाळणं म्हणजे तांदूळ चाळणं. बसेल ते वर, बाकीचं खाली. झाडासारख्या यादीत पान हवं असेल तर फांदीही ठेवावी लागते, मग ती शोधात बसो वा न बसो. नुसतं 'पिंपळगाव' म्हटल्यावर निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत की पाचोऱ्याकडचं पिंपळगाव हरेश्वर, असं विचारावं लागतंच. ऑनलाइन सातबारा बघतानाही आधी जिल्हा, मग तालुका आणि मग गाव निवडायचं असतं.

'ऑर्ग-मोड' या मोफत प्रोग्रॅमने यावर काढलेला तोडगा फार सुबक आहे. कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये तो ईमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या प्रोग्रॅमसाठी लिहायला घेतला. त्यात 'विरळ झाड' अशा अर्थाच्या नावाची सोय आहे. शोध दिला की सगळी टिपणं मिटतात. उघडी राहते ती फक्त जुळलेली ओळ आणि तिच्या डोक्यावरचे मथळे, थेट मुळापर्यंत. जुळलेले शब्द रंगवलेले असतात, त्यामुळे शोधून मिळालेलं कोणतं आणि सोबतीला आलेलं कोणतं, यात घोळ होत नाही. हा रंग दिसायला क्षुल्लक, पण तो नसता तर 'केटरर' ही ओळही शोधात सापडली असं वाटलं असतं.

मिटण्या-उघडण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी भर सभेत पडद्यावर चक्क बाजाराची यादी करून दाखवली. जिन्नस गटांत लावले, मग गट मिटवून फक्त वरची पातळी ठेवली. माऊस लोकांपुढे आला तो याच कार्यक्रमात, त्यामुळे यादीचं कौतुक मागे पडलं.

काही प्रोग्रॅम शोधापुरतं झाडच मोडतात. विंडोजमध्ये फाइल शोधली की निकाल सपाट येतात आणि प्रत्येकाजवळ फोल्डरचा पत्ता असतो. चार-पाच निकालांना हे ठीक. शंभर असले की तेच ते पत्ते वाचून डोळे शिणतात.

खरा पेच खालच्या दिशेने आहे. 'हॉल' शोधला तर त्याच्या पोटनोंदी दाखवायच्या की नाहीत? ऑर्ग-मोडमध्ये मथळ्याला लावलेली खूणचिठ्ठी पोटनोंदींनाही वारशाने मिळते, म्हणून चिठ्ठीवरून शोधलं की अख्खी फांदी हजर होते. कधी ती सोय वाटते, कधी नुसती गर्दी.

आणि 'झालेली कामं लपवा' या बटणापाशी तर जपूनच राहायला हवं. हॉल ठरला, म्हणून वधूपित्याने 'हॉल'वर बरोबरची खूण केली. वरची नोंद लपली की तिच्या पोटातलं सगळंच लपवणारा प्रोग्रॅम असेल, तर तिथेच खाली 'डिपॉझिट परत आणायचं' ही खूण न केलेली ओळ असते आणि वरात निघून गेली तरी ती कुणाला दिसत नाही.