आजीची पिशवी आणि लेस्टरचे दोन दिवस

ऑक्टोबरात इंग्लंडच्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. तेव्हा मुलगा-सून किंवा लेक-जावई म्हणतात, "आई, दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ, तुम्हीही चला." लंडनहून रेल्वेने साधारण सव्वा तासावर असल्यामुळे आमच्या लेस्टरला असे पुष्कळ पाहुणे येतात. नातवंडे दोन ते पाच वर्षांची असली, तर जाण्याआधी हे वाचून ठेवा.

आधी फिरण्याचे. लहान मूल दिवसात एकच ठिकाण नीट पाहते. दुसऱ्या ठिकाणी ते रडते आणि तिसऱ्या ठिकाणी आपले गुडघे रडतात. म्हणून सकाळी एक जागा, मग जेवण, मग झोप. न्यू वॉक हा १७८५ साली आखलेला, झाडांच्या सावलीतला पायी चालण्याचा रस्ता. मोटारी नाहीत, त्यामुळे बाबागाडी सुखाने जाते. त्याच रस्त्यावरच्या संग्रहालयात डायनोसॉरचे सांगाडे आहेत आणि तिकीट लागत नाही. नॅशनल स्पेस सेंटरमधले रॉकेट पाहायला मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. रिचर्ड राजाचे अवशेष २०१२ साली मोटारी लावायच्या जागेखाली सापडले, ती जागा मोठ्यांना आवडते. तीन वर्षांच्या मुलाला त्यात काय कळणार! आजी-आजोबांनी मुलाला कडेवर घेऊन फिरू नये. बसा आणि मग मांडीवर घ्या.

बेलग्रेव्ह रोडवर आपल्याकडचे फरसाण, चिवडा, मिठाई सगळे मिळते. घ्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, काजू किंवा भाजलेले चणे देऊ नका. दाणा श्वासनळीत अडकतो. द्राक्षेही उभी चिरून चार फोडी करून द्यावीत, आणि खाताना मुलाला बसवावे, पळू देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. घरी आपल्या गोळ्या उंच कपाटात असतात. हॉटेलात सगळे एकाच खोलीत, आणि आजीची पिशवी खुर्चीवर किंवा पलंगाशेजारी जमिनीवर. त्या पिशवीत सोमवार-मंगळवार लिहिलेला गोळ्यांचा डबा असतो. तो आपल्या दुखऱ्या बोटांना सहज उघडता यावा असाच बनवलेला असतो, म्हणजे दोन वर्षांच्या नातवालाही तो उघडतो. रंगीत गोळी त्याला चॉकलेटसारखी दिसते. शिवाय आपण स्वतःच कधी कधी "आजी गोड गोळी खाते" असे म्हणतो. ते बंद करा. औषधाला औषधच म्हणा.

आपल्याला रोज लागणारी एक गोळी एवढ्याशा जिवाला फार होते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्यांनी मुलाची साखर एकदम उतरते. ती कित्येक तासांनीही उतरू शकते, म्हणून मूल आत्ता खेळते आहे यावर विसंबू नका. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने नाडी आणि दाब बिघडतात. लोहाच्या गोळ्या तर आपल्याला साध्या वाटतात, पण लहान मुलाला त्या जिवावर बेतू शकतात.

खोलीत शिरल्याबरोबर, चहा करण्याआधी, पिशवी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर किंवा तिजोरीत ठेवा. डबा घरीच ठेवून मूळ पाकिटातल्या गोळ्या आणल्या तर आणखी बरे. खाली पडलेली गोळी तिथल्या तिथे शोधा, "नंतर बघू" नको. किटली टेबलाच्या कडेला नको, तिची वायर लोंबती नको. भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा; हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका.

मुलाने गोळी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नका. उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. मूल पेंगत असेल, श्वास नीट नसेल किंवा झटके येत असतील तर ९९९. एरवी लगेच रुग्णालय गाठा. लेस्टर रॉयल इन्फर्मरीत मुलांचा वेगळा तातडीचा विभाग आहे. रिकामे पाकीट बरोबर न्या आणि किती गोळ्या कमी आहेत ते सांगा. "आजीच्या गोळ्या" एवढे सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. सुनेला काय वाटेल म्हणून गप्प बसू नये. तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते.

तापाबद्दल थोडेसे. भारतातून आणलेले पॅरासिटामॉलचे सिरप इथल्या चमच्याच्या मापाने देऊ नका. एकाच औषधाच्या बाटलीत ५ मिलिलिटरमागे कुठे १२० मिलिग्रॅम असते, कुठे २५०. बाटलीवरचा आकडा मुलाच्या आईला वाचायला लावा, किंवा इथल्या फार्मसीतून वयाप्रमाणे घ्या. तुमची ॲस्पिरिन १६ वर्षांखालच्या मुलाला कधीही नको. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस झाला तर ताबडतोब डॉक्टरला दाखवा.

काय करावे कळेना, पण जिवाला धोका दिसत नाही, अशा वेळी १११ फिरवा. रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत. इंग्रजी अडले तर "मराठी इंटरप्रिटर" एवढे दोन शब्द बोला आणि फोन धरून ठेवा. हॉटेलचे नाव, पोस्टकोड आणि आपल्या सगळ्या गोळ्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून ती पर्समध्ये असू द्या. गोळ्या मात्र वरच्या फळीवर.