लेथवरून आलेलें काम मोजून घ्यावें

शेतकरी बी पेरण्यापूर्वीं त्यांतील शंभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून किती उगवतात तें पाहतो. बाजारांत माल घालतांना त्याची नजर कांट्यावर असते. पाटाचें पाणी आपल्या पाळीला पुरें मिळालें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तो रात्रीं कंदील घेऊन बांधावर उभा राहतो. असा हा सावध मनुष्य मोटारीचें इंजिन दुरुस्तीस टाकतो, तेव्हां मात्र त्याची सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! ब्लॉक बोअर होऊन आला, क्रँक घांसून आली, दोहोंवर तेलाची झळाळी दिसली, कीं काम उत्तम झालें असें तो समजतो. पैसे मोजून देतो. काम मोजून घेत नाहीं. या एका चुकीची किंमत आम्ही स्वतः दिली आहे. ती इतरांस द्यावी लागूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख.

झेंडूची खेप

आमचें बिऱ्हाड दादरला आणि जमीन जुन्नर तालुक्यांत. मळ्यांतील फुलें दादर स्टेशनाजवळच्या फुलबाजारांत आणण्यास एक जुनी जीप व तिच्यामागें जोडावयाची लहान गाडी आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत विलिज जीपांची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यांतील ही एक. इंजिन ‘हरिकेन’ जातीचें, पेट्रोलवर चालणारें, चार सिलिंडरांचें. सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, म्हणजे सुमारें ७९.४ मिलिमीटर, आणि पिस्टनची धांव ४.३७५ इंच. असलीं इंजिनें आतां थोडीं उरलीं आहेत. परंतु पुढें सांगितलेली तपासणीची रीत पंपाच्या तेल-इंजिनास व ट्रॅक्टरासही लागू आहे, मापें तेवढीं ज्याच्या त्याच्या पुस्तकांतून घ्यावीं.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत आम्ही हें इंजिन उतरविलें. ब्लॉकचें बोअरिंग व क्रँकचें ग्राइंडिंग एका कामशाळेंत करून घेतलें आणि इंजिन बांधलें. दसऱ्याच्या आदल्या रात्रीं झेंडूची खेप भरून निघालों. माळशेज घाट सुखरूप उतरला; परंतु मुरबाडच्या अलीकडे इंजिनांतून ठोका ऐकूं येऊं लागला, तेलाच्या दाबाचा कांटा खालीं आला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागली. दुसरें वाहन मिळून माल दादरला पोंचेपर्यंत दुपार झाली. ताडपत्रीखालीं फुलें उकडून निघालीं होतीं. दसऱ्याच्या पहांटे ज्या झेंडूसाठीं गिऱ्हाइकांची झोंबाझोंबी होते, तोच झेंडू दुपारीं फुकट घ्यावयास कोणी उभें राहत नाहीं. तीन महिन्यांची मेहनत बाजाराच्या झाडणाऱ्याच्या हवालीं झाली.

इंजिन उघडलें तेव्हां तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग वितळून गेलेलें आढळलें. क्रँकमधील तेलाच्या भोंकांत ग्राइंडिंगच्या दगडाची पूड तेलांत कालवून शाडूसारखी घट्ट बसली होती. शिवाय दुसरें सिलिंडर तळाशीं अधिक रुंद होऊन आलें होतें. काम करणाराचा दोष होताच. परंतु ती क्रँक आमच्या ओटीवर चार दिवस पडून होती. एक तार त्या भोंकांतून घालून पाहिली असती, तर पूड तेव्हांच हातीं आली असती. तो आळस सर्वस्वीं आमचा.

मोजावयाचें कां?

कारखान्यांतून नवें निघालेलें इंजिन आपण मोजीत नाहीं, आणि त्याची गरजही नसते. कारण तेथें प्रत्येक भाग ठराविक मापांत बसल्याखेरीज पुढें जात नाहीं. याची प्रसिद्ध परीक्षा १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्स येथें झाली. कॅडिलॅक जातीच्या तीन मोटारी पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, त्या ढिगांतून पुन्हां तीन मोटारी बांधल्या, आणि त्या ५०० मैल चालविल्या. कानशीचा हात न लावतां कोणताही भाग कोणत्याही मोटारीस बसला. ही किमया लोखंडाची नव्हे, मापाची होती.

परंतु ज्या दिवशीं आपण ब्लॉक बोअर करून घेतों, त्या दिवशीं कारखान्याची ही हमी संपते. आतां सिलिंडरचें माप एका कारागिराच्या हातानें ठरलेलें, क्रँकचें दुसऱ्याच्या, पिस्टन तिसऱ्याच कंपनीचे. या तिघांचा मेळ बसला कीं नाहीं, हें सांगणारा आतां मोजणाराखेरीज कोणी उरत नाहीं. आणि मोजण्याची वेळही एकच असते: इंजिन उघडें आहे तोंवर. एकदां हेड आवळलें कीं दोष आंत झांकला जातो, आणि तो बाहेर येतो नेमका हंगामांत.

मोजण्यापूर्वीं

येथें एक इंचाचे हजार भाग करून त्यांतील एका भागाची गोष्ट करावयाची असते. कारागीर त्यास ‘थाउ’ म्हणतात. एका मिलिमीटरांत असे सुमारें ३९ थाउ मावतात. डोळ्यास किंवा बोटास हा फरक कळत नाहीं. म्हणून बाहेरचा मायक्रोमीटर, सिलिंडर मोजण्याचा डायल गेज, पत्त्यांचा फिलर गेज आणि एक खात्रीची सरळ पट्टी, एवढीं साधनें पाहिजेत. मायक्रोमीटर वापरण्यापूर्वीं त्याच्याबरोबर मिळालेल्या प्रमाण-कांबीवर तो बरोबर दाखवितो कीं नाहीं तें पाहावें. खोट्या कांट्यानें तोललेलें धान्य आणि खोट्या मायक्रोमीटरनें मोजलेलें इंजिन सारखेंच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. उन्हांत पडलेला ब्लॉक सांवलींतल्यापेक्षां २० अंश सेल्सियसनें तापलेला असेल, तर आमच्या जीपच्या एवढ्या सिलिंडरचा व्यास सुमारें पाऊण थाउनें वाढलेला दिसतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. म्हणून ब्लॉक, पिस्टन व मोजण्याचीं साधनें रात्रभर एकाच खोलींत ठेवावीं आणि सकाळीं मोजावें.

सिलिंडर

प्रत्येक सिलिंडर वर, मध्यें आणि खालीं अशा तीन खोलींवर मोजावें; प्रत्येक खोलीवर एकदां क्रँकच्या दिशेनें व एकदां तिला आडवें. म्हणजे एका सिलिंडरचीं सहा मापें, चारांचीं चोवीस. तीं वहींत तक्ता आंखून लिहावीं. ध्यानांत ठेवूं म्हणूं नये. वरचें व खालचें माप निराळें आलें तर सिलिंडर निमुळतें आहे. उभें व आडवें निराळें आलें तर तें वाटोळें नाहीं. नव्या बोअरमध्यें असा फरक अर्ध्या थाउपेक्षां अधिक नसावा.

पिस्टन मोजावयाचा तो त्याच्या घेराच्या खालच्या अंगास, पिनेला आडवा. सिलिंडरच्या मापांतून पिस्टनचें माप वजा केलें कीं मोकळीक निघते. ती पिस्टन करणाऱ्या कंपनीनें सांगितल्याप्रमाणें असावी. जुन्या जीपच्या इंजिनास ती सुमारें ३ थाउ सांगितलेली आहे. चारही पिस्टन एकाच मापाचे असतील असें गृहीत धरूं नये.

त्यानंतर प्रत्येक रिंग ज्या सिलिंडरांत बसावयाची त्यांतच घालावी, पिस्टनच्या माथ्यानें ढकलून सरळ करावी, आणि तिच्या दोन टोंकांमधील फट फिलर गेजनें पाहावी. व्यासाच्या दर इंचास ३ ते ४ थाउ हा ढोबळ हिशोब. आमच्या इंजिनास म्हणून सुमारें ९ ते १२ थाउ. फट थोडी अधिक असली तर फारसें बिघडत नाहीं. परंतु कमी असली तर रिंग तापून फुगते, टोंकें एकमेकांस भिडतात, आणि सिलिंडरला ओरखडे पडतात किंवा रिंगच मोडते.

शेवटीं उजेडांत सिलिंडरची भिंत पाहावी. होनिंगच्या तिरप्या रेघा एकमेकींस छेदून जाळी झालेली दिसावी. याच रेघांत तेल टिकतें. भिंत आरशासारखी गुळगुळीत दिसली तर हुरळून जाऊं नये. ती शोभा आहे, काम नव्हे.

क्रँक व बेअरिंगें

क्रँकचें प्रत्येक जर्नल दोन्ही टोंकांशीं व दोन दिशांनीं मोजावें. क्रँक २० थाउ घांसली असेल, तर बेअरिंगच्या पाठीवर तोच आंकडा आहे ना, हें प्रत्येक वाटीवर वाचून पाहावें. नुसत्या खोक्यावर विश्वासूं नये. जर्नल जेथें क्रँकच्या बाहूस मिळतें तेथें पूर्वीची गोलाई कायम असली पाहिजे. घांसणारानें तेथें धारदार कोपरा सोडला असेल तर पुढें तेथूनच भेग निघते आणि क्रँक मोडते. तेलाच्या भोंकाची कडही मोडून बोथट केलेली असावी. नाहीं तर ती बेअरिंगला कानशीसारखी खाते.

बेअरिंगची मोकळीक पाहण्यास प्लास्टिगेज नांवाचा मऊ दोरा मिळतो. कोरड्या जर्नलवर त्याचा तुकडा ठेवून कॅप पुस्तकांत दिलेल्या जोरानें टॉर्क पान्यानें आवळावी व पुन्हां काढावी; मधल्या वेळांत क्रँक फिरवूं नये. दोरा जितका चपटा होऊन पसरला तितकी मोकळीक कमी. सुमारें दोन इंचांच्या जर्नलला १ ते अडीच थाउ मोकळीक ठीक समजतात. कॅपांवरील आंकडे पाहून ज्याची कॅप त्यासच लावावी. अदलाबदल झाली तर सर्व मापें फुकट. मुख्य बेअरिंगांची एक एक कॅप आवळीत जावें, आणि प्रत्येक वेळीं क्रँक हातानें फिरवून पाहावी. जेथें अडेल तेथेंच थांबावें.

हेड व व्हॉल्व

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी व दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्याखालीं फिलर गेजची पत्ती शिरते का तें पाहावें. एवढ्या लहान हेडांत दोन-तीन थाउपेक्षां जाड पत्ती गेली, तर तें पुन्हां फेसिंगला द्यावें. ब्लॉकचा माथाही तसाच तपासावा. तो पुष्कळदां विसरला जातो. हरिकेन इंजिनांत आंत घेण्याचे व्हॉल्व हेडांत व धूर सोडण्याचे ब्लॉकमध्यें असतात. म्हणून दोन्ही ठिकाणीं सीटा तपासाव्या. व्हॉल्व बसवून त्याच्या माथ्याभोंवतीं थोडें रॉकेल ओतावें आणि खालच्या वाटेंतून ओल झिरपते का तें पाहावें. ओल दिसली तर सीट पुन्हां बसवून घ्यावी.

धुणें हेंही मापच

आमचें नुकसान मापानें नव्हे, धुळीनें झालें. म्हणून हें विशेष आग्रहानें सांगतों. होनिंगची पूड नुसत्या रॉकेलनें जात नाहीं. ऊन पाणी व साबण घेऊन ब्रशानें ब्लॉक खसखसून धुवावा. तेलाच्या वाटांचीं बुचें काढून त्यांतून लांब ब्रश व हवेचा झोत घालावा. क्रँकचीं भोंकें तशींच साफ करावीं. मग पांढरें फडकें तेलांत बुडवून सिलिंडर पुसावें. फडकें करडें निघालें तर पुन्हां धुवावें. पांढरें निघेपर्यंत हें काम पुरें झालें नाहीं असें समजावें. धुतल्याबरोबर तेल लावावें. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत उघड्या लोखंडावर गंज चढण्यास एक रात्र पुरते.

भांडण नव्हे, व्यवहार

कामशाळेवाल्याचें काम तपासलें तर त्याचा अपमान होईल, अशी भीड पुष्कळांस वाटते. आमचा अनुभव उलट आहे. दुसऱ्या वेळीं आम्ही ब्लॉक दादरच्या घरीं आणून मोजला. तिसऱ्या सिलिंडरांत एक थाउ निमुळतेपणा निघाला. तक्ता घेऊन दुसऱ्या एका कामशाळेंतील ज्या वृद्ध मिस्त्रीनें तें काम केलें होतें त्याच्याकडे गेलों. त्यानें तक्ता पाहिला, स्वतःच्या गेजनें मोजलें, आणि म्हणाला, “काका, मोजून आणलंत ते बरं केलंत. इंजिन बसल्यावर आला असतात, तर तुम्ही मला दोष दिला असता आणि मी तुमच्या ड्रायव्हरला.” त्यानें तें सिलिंडर होनिंग करून दुरुस्त केलें आणि एक पैसा अधिक घेतला नाहीं. पिस्टनची मोकळीक पुन्हां मोजली; ती मर्यादेंत होती.

असे जाणते हात या भागांत आजही आहेत. १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं जवळच माटुंग्यास आली. आतां तिचें नांव वीरमाता जिजाबाईंचें आहे. परळ व माटुंग्याचे रेल्वेचे कारखाने आणि गिरणगांवांतील गिरण्यांच्या यंत्रशाळा यांतून मायक्रोमीटर धरणारे कितीएक फिटर तयार झाले. गिरण्या बंद पडल्या, पण मापाची ती शिस्त लहान कामशाळांतून अजून सांपडते. तिला विचारणारा गिऱ्हाईक मात्र पाहिजे. गिऱ्हाईक मोजीत नाहीं असें दिसलें कीं कारागीरही हळूहळू मोजणें सोडतो.

शेवटीं एक सूचना. हीं साधनें प्रत्येक शेतकऱ्यानें विकत घ्यावीं असें नाहीं. वर्षांतून एकदांही लागणार नाहींत अशीं तीं आहेत. परंतु गांवोगांवच्या संस्था फवारणीचे पंप सभासदांस वापरण्यास देतात, त्याप्रमाणें एका तालुक्याच्या संस्थेनें मायक्रोमीटर, डायल गेज, फिलर गेज व सरळ पट्टी यांची एक पेटी ठेवण्यास काय हरकत आहे? पेटीबरोबर कोऱ्या तक्त्यांची एक वही असावी, आणि गांवांतील एखाद्या होतकरू तरुणास मोजणें शिकवावें.

आमच्या जीपचा तक्ता आम्ही तिच्याच खणांत ठेविला आहे. त्यानंतरच्या दसऱ्याला झेंडू पहांटे चारच्या आधीं दादरला पोंचला.